लहान लेकरांना पाणी शिकवायचं असेल तर

पोहणं शिकवायच्या कामात यायचंय, असा फोन अलीकडे बरेच जण करतात. बहुतेक बी.पी.एड. झालेले, काही नुसतेच पट्टीचे पोहणारे. भंडारा-गोंदियाकडे तलाव आणि बोड्यांना, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यांना, तोटा नाही, तेव्हा काम मिळेल हा हिशेब बरोबरच आहे. पण तीन-चार वर्षांची लेकरं घेणार असाल, तर तुमचे खरे विद्यार्थी घरची मोठी माणसं आहेत, हे धरूनच चाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत पोहण्याचं आणि जलसुरक्षेचं शिक्षण सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी सांगितलंय. त्याहून लहानांसाठी भर आहे तो सांभाळणारं मोठं माणूस असण्यावर. आईबाप मात्र विचारतात, ‘महिन्याभरात पोहेल ना?’ हो म्हणू नका, फी गेली तरी चालेल. चार वर्षांचं पोर टाक्यात हातपाय मारायला लागलं की घरचे निर्धास्त होतात, पोराची भीती मोडते, आणि शेतातल्या बोडीला टाक्यासारखा धरायला काठ नसतो.

स्वतःची तयारी म्हणाल, तर पोहण्याचं तंत्र अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या ठिकाणी नीट शिकता येतं. त्याच्या जोडीला राष्ट्रीय लाईफ सेव्हिंग सोसायटीचं जीवरक्षकाचं प्रमाणपत्र घ्या. माझ्या मते ते आधी.

जागा तलावाची नको. शेतावरचं सिमेंटचं टाकं घ्या, पाणी लेकराच्या कमरेएवढं. विहिरीचं पाणी मे महिन्यातही सकाळी गार लागतं, म्हणून आदल्या दिवशी भरून उन्हात तापू द्या. ओठ निळसर दिसले की धडा संपला, मग आई कितीही म्हणो ‘अजून थोडं’. पाणी बदलत राहा, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारून मापातच टाका, आणि हगवण लागलेलं लेकरू घरी पाठवा.

पहिले काही दिवस टाक्यात उतरूच नका. घमेल्यात पाणी घ्या, लेकराला तोंड लावून फुंकर मारू द्या. बुडबुडे आले की पोरं हसतात, आणि नाकातोंडात पाणी न घेता श्वास सोडणं तिथेच जमून जातं. मग टाक्याच्या काठाला दोन्ही हातांनी धरून बाजूबाजूने सरकत पायरीपर्यंत यायचं. पुढे पाण्यात सोडलं की वळून काठ पकडायचा. पाठीवर तरंगणं नंतर, डोक्याखाली तुमचा हात ठेवून. आणि प्रत्येक वेळी उतरण्याआधी विचारायचं, ‘बाई, येऊ का?’ न विचारता पाय टाकला तर त्या दिवशी बाहेर बसायचं, रडलं तरी. या एका नियमावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

एका आजीने मला सरळ सुनावलं होतं, ‘काहून लेकराले रडवता बाई? आमची पोरं तं ढोरायसंगच पवाले शिकली.’ शिकली, खरंच. जी नाही शिकली त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

शेततळ्याचा विषय वेगळा काढा. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना 2016 मध्ये आली, त्यानंतर गावोगावी तळी झाली. ज्यांना आत प्लास्टिकची पन्नी अंथरलेली असते, त्यांच्यात लेकरूच काय, धडधाकट माणूसही पडला तर उतारावर पाय ठरत नाही. हे सांगून पटत नाही. मी उरलेल्या पन्नीचा तुकडा बांधाच्या बाहेरच्या उतारावर पसरते, वर बादलीभर पाणी ओतते आणि बापाला अनवाणी चढायला लावते. दोन पावलं जातो, घसरतो, पुन्हा जातो, पुन्हा घसरतो. मग कुंपणाचं बोलणं आपोआप निघतं. कुंपण होईपर्यंत निदान चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर खुंट्याला बांधून पाण्यापर्यंत सोडायला सांगा.

बुडणारं लेकरू ओरडत नाही, ओरडायला श्वासच नसतो. हे गावात पुन्हापुन्हा सांगा. वाचवायला उडी मारू नका; काठी, लुगडं, झाकण घट्ट लावलेली रिकामी कॅन पुढे करा. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं एकदम बंद. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायची, आणि दुसऱ्याने तेवढ्यात 108 ला फोन लावायचा. हे बाहुलीवर करून घ्या, नुसतं सांगून हात वळत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. तालुक्याच्या गावी उन्हाळ्यात फी मिळते, खेड्यात जवळजवळ नाही. जोडधंदा लागतोच.

उन्हाळी वर्ग संपले की तुमचं काम संपलं असं समजू नका. धोका त्यानंतर वाढतो. पाऊस लागतो, मुरमाच्या खदानी आणि वीटभट्ट्यांचे खड्डे भरतात, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू होते. बाया सकाळीच बांधीत उतरतात, अंगणवाडी दुपारी सुटते, आणि तिथून संध्याकाळपर्यंत तीन वर्षांचं पोर सात वर्षांच्या बहिणीच्या हवाली. बांगलादेशात याच कारणाने आया कामात असतानाच्या वेळेपुरती गावात पाळणाघरं चालवतात. आपल्याकडे मी रोवणीच्या टोळीशी बोलते: चिखलात वाकणं होत नाही अशी एक म्हातारी बाई लेकरांजवळ बसवा आणि तिची मजुरी सगळ्या मिळून द्या. काही टोळ्या ऐकतात. बोलणी रोवणीच्या तोंडावर नाही, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायच्या वेळेसच करा. नंतर कोणाला थांबून ऐकायला वेळ नसतो.