एसीचा प्रेशर सेन्सर खरंच गेलाय का? बदलायच्या आधी हे बघा

गाडीचा एसी थंड करत नाही, कॉम्प्रेसर लागत नाही, स्कॅनर (गाडीतले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) लावला तर पी०५३२ किंवा पी०५३३ दिसतोय, की निदान तयार, सेन्सर गेला, बदला. मीपण एकदा असाच बदललाय, आणि नवा लावल्यावरही तोच कोड. कारण ०५३२ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज खूप कमी आणि ०५३३ म्हणजे खूप जास्त, बस, तो कमी-जास्त का झालाय ते कोड सांगत नाही. सेन्सर खोटं बोलतोय की खरं, एवढंच आपल्याला शोधायचंय.

सेन्सर हाय साइडच्या, म्हणजे जास्त प्रेशरच्या बाजूच्या पाइपवर असतो, बहुतेक वेळा कंडेन्सर (गॅस थंड करणारी जाळी) किंवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी नळकांडी) यांच्या आसपास. त्याच्या कपलरला (वायरी जोडायच्या प्लगला) तीन वायरी असतील तर साधारणपणे एक ५ व्होल्ट, एक ग्राउंड, एक सिग्नल. जुन्या गाड्यांत नुसता प्रेशर स्विच असतो, तो फक्त चालू-बंद करतो, आणि काही नव्या गाड्यांत सिग्नल डिजिटल असतो, या दोन्हींना खालची व्होल्टची युक्ती चालणार नाही.

सगळ्यात आधी गाडी काही तास बंद, थंड असताना हाय साइडला प्रेशर गेज लावा आणि स्कॅनरवर एसी प्रेशरचं लाइव्ह रीडिंग बघा, दोन्ही जवळपास सारखं यायला हवं. आर-१३४ए गॅस असेल तर ३० डिग्रीला बंद गाडीत साधारण ९७ पीएसआय दिसतात, २५ ला ८२ च्या आसपास. गेज ९७ दाखवतंय आणि स्कॅनर शून्य, तर सेन्सर किंवा वायरिंग. दोन्हीकडे १५-२० च असेल तर सेन्सर बिचारा खरं बोलतोय, गॅस गळालाय, लीक शोधा. आणि हो, ९७ आले म्हणजे गॅस पूर्ण भरलेला आहे असं नाही हां, सिस्टिममध्ये थोडासा लिक्विड गॅस उरला असला तरी बंद गाडीत प्रेशर तेवढंच दिसतं.

रीडिंग जुळत नसेल तर कपलर काढा आणि पिना नीट, अगदी टॉर्च मारून बघा. माझ्या केसमध्ये खरा घोळ इथेच होता, एका पिनेवर हिरवट थर चढलेला आणि पिन आत दबलेली, वरून बघितलं तर सगळं ठीकठाक. पिनांवर तेल दिसलं तर मात्र सेन्सर आतून लीक आहे, मग तो बदलायचाच.

आता इग्निशन ऑन, मल्टिमीटर घ्या, गाडीकडच्या कपलरवर ५ व्होल्ट आणि ग्राउंड येतंय का बघा. ५ व्होल्ट नसतील तर लगेच ईसीएमवर (गाडीच्या कंट्रोल कॉम्प्युटरवर) ढकलू नका, बऱ्याच गाड्यांत ती लाइन दुसऱ्या सेन्सरांबरोबर शेअर असते आणि त्यातला एखादा शॉर्ट झाला की सगळेच झोपतात. दोन्ही येत असेल तर कपलर परत लावून सिग्नल वायरवर कपलरच्या मागच्या बाजूने मीटरची पिन लावून व्होल्ट मोजा, वायरला टोचू नका, पाणी शिरतं. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ च्या मध्ये असावा आणि एसी चालू केल्यावर हळूहळू वर जावा. गेज हलतंय पण व्होल्ट जागेवरच, तर सेन्सर गेला. व्होल्ट बरोबर हलतायत आणि स्कॅनरवर हालचाल नाही, तर सिग्नलची वायर पुढे कुठेतरी तुटलीय किंवा ईसीएमची बाजू. हे करताना वायरिंग हाताने हलवत राहा, रीडिंग उडी मारलं की जागा सापडली.

एसी फक्त उभ्या गाडीत बंद पडतो आणि चालत्या गाडीत नीट चालतो, असं असेल तर आधी कंडेन्सरचा फॅन बघा. फॅन फिरत नसला की प्रेशर वाढतं, ईसीएम कॉम्प्रेसर बंद करतो, आणि शिव्या सेन्सरला.

कॉम्प्रेसरला डायरेक्ट वायर देऊन चालवून बघू नका, गॅस नसेल तर तेल फिरत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. सेन्सर काढायचाच झाला तर खाली व्हॉल्व्ह आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, असला तर गॅस जात नाही, नसला तर आधी मशिनने गॅस काढून घ्यावा लागतो. काढताना डोळ्यांना चष्मा हवाच. नवीन ओ-रिंगला (सेन्सरखालच्या रबरी रिंगला) त्याच सिस्टिमचं तेल लावून बसवा, मग कोड क्लिअर करा आणि परत गेज-स्कॅनर जुळवून बघा.