नानांची फियाट सुरू करायचीय? आधी आईंना गाडीत बसवा

पहिली गोष्ट, चावी फिरवू नका. हात शिवशिवतात माहितीये, पण नका. आमच्याकडे इंदूरला रामबागेत नानांची म्हणजे माझ्या सासऱ्यांची 78 ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाटच, 2014 पासून पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, नाना गेल्यावर पहिल्याच दिवाळीला दीराने नवी बॅटरी आणून सरळ सेल्फ मारला, दोनदा घर्र घर्र आणि तिसऱ्यांदा असा काही खडखडाट की आई स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. मग परत चार वर्षं ताडपत्री. शेवटी मीच म्हटलं करते, कारण ह्यांचं मत होतं भंगारवाल्याला द्यावी.

तर बॉनेट उघडायच्या आधीचं काम म्हणजे ही गाडी ज्यांनी चालवली, ज्यांनी धक्का दिला, जे मागच्या सीटवर बसून उलट्या करत महेश्वरला गेले त्या सगळ्यांना गाठा. हे मी भावनेच्या भरात नाही सांगत. मला आमच्या मिस्त्रीनेच सांगितलं, इथल्या छावणी भागातला म्हातारा माणूस आहे, म्हणाला, "भाभी, इंजन तो मैं खोल लूँगा, पर ये बीमार क्यूँ हुई थी वो तो माताजी ही बताएँगी." जुन्या गाडीचं सर्व्हिस बुक घरातल्या माणसांच्या डोक्यात असतं आणि ती माणसं काही कायमची नसतात हो.

विचारायचं कसं, त्यात पण गंमत आहे. सोफ्यावर बसवून "आई, गाडीबद्दल काही आठवतं का" असं विचारलं की उत्तर येतं, चांगली होती गाडी. संपलं. मी पण दोनदा हेच केलं. तिसऱ्यांदा गाडी पुसून घेतली, सीटवरचं उंदरांनी कुरतडलेलं काथ्याचं भुस्कट काढलं, वर चादर टाकली आणि आईंना पुढे डाव्या बाजूला त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसवलं. दार लावलं. त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत आणि मग त्यांचा उजवा हात आपोआप सीटच्या खाली गेला, काहीतरी चाचपडायला लागला. म्हटलं काय शोधताय. "अगं फडकं कुठे गेलं इथलं?"

कुठलं फडकं? तर मे महिन्यात मुंबईकडे जाताना मानपूर सोडलं की भेरूघाटात गाडी हमखास बंद पडायची, मग नाना उतरून सुराहीतल्या पाण्याने फडकं भिजवून इंजिनवर कुठेतरी ठेवायचे, सगळ्यांनी झाडाखाली बसून चिवडा खायचा, पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू. आईंना वाटायचं इंजिन तापतं म्हणून. मिस्त्रीला सांगितलं तर तो हसलाच, म्हणाला इंजिन नाही, पंप. या गाडीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल, इंजिनलाच बोल्ट केलेला, बाहेर 42 डिग्री आणि त्यात घाट, पेट्रोलची पंपात आणि पाइपात वाफ होते आणि वाफ पंपाला ढकलता येत नाही, कार्बोरेटर उपाशी राहतो. ओलं फडकं पंपावर ठेवलं की वाफेचं परत पेट्रोल होतं. आता हे जर आईंनी सांगितलं नसतं तर पहिल्याच उन्हाळ्यात मी रेडिएटर बदलून बसले असते, काही हजार रुपये पाण्यात.

म्हणून गाडीत बसवून विचारा, आणि प्रश्न हातापायाचे विचारा. चोक किती ओढायचे? थंडीत किती वेळा ट्राय मारावा लागायचा? कुठला गिअर अडायचा? पेट्रोलचा काटा खरं बोलायचा का? (आमचा पावावर आला की टाकी रिकामी, हे दीराला पक्कं ठाऊक होतं कारण कॅन घेऊन चालत तोच जायचा.) शेवटी का उभी केली? फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा, मधे मधे दुरुस्त करू नका. दोघं भांडले तर भांडू द्या. आमच्याकडे उज्जैनच्या सिंहस्थाला फियाटने गेलो ते 80 चं की 92 चं यावर आई आणि आत्यांचं असं जुंपलं की चहा गार झाला, आणि मग त्या भांडणातूनच कळलं की मधे एकदा इंजिन उतरवलं होतं, रिंगा-पिस्टन नवे टाकले होते, जे कागदावर कुठेच नाही.

ग्लव्ह बॉक्स पण नीट बघा. नानांची छोटी डायरी निघाली, पेन्सिलने, तारीख, किलोमीटर, किती लिटर, आणि मधेच "पंप गरम. फडकं." किंवा "ब्रेक डावीकडे ओढतो". शेवटचं पान, "पेडल खाली जातं. दाखवणे." दाखवलं नव्हतं. गाडी का उभी राहिली ते तिथेच कळलं.

आता मशिनकडे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, फियाट 1100 चीच ही बहीण, कुर्ल्याच्या कारखान्यातली, डिलाइट म्हणून 64 ला आली आणि 74 पासून पद्मिनी नावाने विकली गेली, 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. त्याच्या आधीची गोलमटोल 1100 म्हणजे आपली डुक्कर फियाट, जिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. यात कॉम्प्युटर वगैरे काही नाही त्यामुळे घाबरू नका, पेट्रोल, ठिणगी आणि हवा, तिन्ही वेळेवर पोचलं की गाडी सुरू होणारच.

चारही प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. इतकी वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलेंडरच्या भिंतींना चिकटलेल्या असतात, आमच्या दीराने नेमकं त्यांनाच कोरडं घासलं होतं. मग प्लग बाहेरच ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि हळूच पुढे मागे ढकला. इंजिन मऊ फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात, अडलं तर जोर लावू नका, अजून तेल, अजून दोन दिवस. जुनं ऑइल काढून नवं भरा, फिल्टर बदला, रेडिएटर स्वच्छ पाण्याने धुवा.

टाकी उतरवावीच लागेल. दहा वर्षांचं पेट्रोल म्हणजे वार्निश, वासावरूनच कळतं, आणि आमच्या टाकीतून गंजाची खपली इतकी निघाली की परातीत मावेना. टाकीला वेल्डिंगची वेळ आली तर ज्याला हे काम येतं त्याच्याकडेच द्या, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त पेटते. इंजिन पहिल्यांदा सुरू करताना मिस्त्री लोक बाटलीतून पेट्रोल देतात, तेच बरं, टाकीचा कचरा कार्बोरेटरमध्ये जात नाही. रबरी पाइप सगळे नवे, आणि इथे कंजुसी नको कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते खातं आणि हवेतला ओलावा पण ओढून घेतं, मग परत गंज. इथेनॉल चालणारे पाइप मागून घ्या, टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नका. आणि सगळं उघड्यावर करा, आग विझवायचा सिलेंडर जवळ ठेवून.

ठिणगी येत नसेल तर बहुतेक वेळा पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधले उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन छोटे संपर्क. उभ्या गाडीत पॉइंटवर पापुद्रा धरतो, बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा, कोरड्या कापडाने पुसा, गॅप साधारण 0.4 मिलिमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर मिस्त्री व्हिजिटिंग कार्ड घालून बघतात आणि खरं सांगायचं तर चालतं पण. प्लगच्या वायरी उलटसुलट झाल्या असतील तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडरना ठिणगी मिळायचा क्रम, 1-3-4-2.

आता ब्रेक, आणि इथे मी स्वतः माती खाल्लीय. डायरीत चक्क लिहिलेलं, पेडल खाली जातं, वाचलेलं मी, पण इंजिन पहिल्यांदा धडधडलं ना त्या दिवशी डोकंच ठिकाणावर नव्हतं, आई टाळ्या वाजवताहेत, शेजारच्या काकू गॅलरीत, मी म्हटलं फक्त गेटपर्यंत नेते. गेट उतारावर आहे आमचं. पेडल दाबलं तर थेट जमिनीला टेकलं, हँडब्रेक ओढला तो पण नुसता वर आला, आणि आईंच्या मोगऱ्याची सिमेंटची कुंडी, ती मोठी वाली, तिने आम्हाला थांबवलं. बंपरला काही नाही झालं, मोगरा गेला. मग चारही चाकं उघडली. चारी ड्रम ब्रेक आहेत, व्हील सिलेंडर गंजून जाम, रबरं कडक झालेली, ब्रेक ऑइल काकवीसारखं काळं घट्ट. ब्रेक ऑइल पाणी पितं, वर्षानुवर्षं ठेवलं की आतून सगळं गंजवतं. तर मास्टर सिलेंडर, चारही व्हील सिलेंडर, रबरी होस, सगळं इंजिन सुरू करायच्या आधी. थांबायची सोय आधी, चालायची नंतर.

टायर चांगले दिसतात म्हणून फसू नका. साइडवर चार आकडे असतात, 2311 म्हणजे 2011 च्या 23 व्या आठवड्यातला. साइज 5.20-14, सहज मिळत नाही, सियागंजमध्ये दोन-चार दुकानं पालथी घातली, शेवटी बाहेरून मागवावे लागले, ट्यूब आठवणीने बरोबर घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडी गेलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करा, नंतर फिटनेस आणि रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. विंटेजचं वेगळं रजिस्ट्रेशन असतं ते 2021 च्या नियमाने, 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मोठा बदल न केलेली गाडी, नव्या नोंदणीची फी 20,000 आणि नंबरात व्हीए अक्षरं. पण त्यात एक मेख आहे, अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांनाच रस्त्यावर काढता येते. आमची 78 ची तशी पण अजून बसत नाही त्यात, आणि मला तर आईंना घेऊन सराफ्याला, रात्रीच्या खाऊबाजारात, जायचंय, त्यामुळे साधं नूतनीकरणच बरं.

गाडी रस्त्यावर आली की रविवारी सकाळी सातच्या आत काढा, ट्रॅफिक नाही आणि पंप थंड. छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या आत गाडी जात नाही, बाहेर लावून पोहे खायला गेलात तर परत येईपर्यंत गाडीभोवती चार माणसं उभी असणार हे धरून चाला. एक जण विचारेल "भिया, कितने में दोगे", त्याला हसून टाळा. एक जण होळकरांच्या गाड्यांवर येईल, आणि दुसऱ्या यशवंतराव महाराजांच्या ड्यूसेनबर्ग गाडीचा विषय इंदूरकर माणूस असा काढतो जणू घरच्या पोर्चमध्ये उभी होती, पण गाडी होतीच तशी, अमेरिकन चासी आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली. मुंबईची काळी-पिवळी पण निघते, 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा आमच्या आत्या टीव्हीसमोर डोळे पुसत होत्या, दादरहून गिरगावला जाताना मीटर कसा खाली पाडायचे ते हाताने करून दाखवत होत्या.

आणि एखादे आजोबा काहीच न बोलता बाजूला उभे असतात. त्यांना स्टिअरिंगवर बसवा. चावी काढून घ्या आणि बसवा. मागच्या महिन्यात एक जण बसले, हात गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि न विचारता सांगितलं, दुसऱ्यात टाकताना मधे क्षणभर थांबा, घाई केली की कुरकुरते. मी तीन महिने कुरकुर ऐकत होते, मिस्त्रीने दोनदा लिंकेज, म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतचे जोड, आवळलं होतं. थांबून बघितलं, लोण्यासारखा पडला. घरी आल्यावर आईंना सांगितलं तर म्हणाल्या, हो, हे पण थांबायचेच की, तू विचारलं कुठे. डायरीच्या पुढच्या पानावर आता हे माझ्या अक्षरात आहे, तुम्ही पण एक वही गाडीतच ठेवा, घरी जाऊन लिहू म्हटलं की राहतं.

वायपर अजून झालेला नाही. डावा निम्म्यात थांबतो, मोटर उघडून बघितली, आतला गिअर झिजलाय, मिळत नाहीये. आईंना विचारलं पावसात नाना काय करायचे, तर बटाटा. अर्धा कापलेला बटाटा काचेवर चोळायचे, पाणी थेंब न धरता सरळ ओघळतं म्हणे. जूनमध्ये करून बघितलं, राजवाड्यापासून घरापर्यंत आलो, ठीकठाक दिसत होतं. फक्त उरलेला अर्धा बटाटा ग्लव्ह बॉक्समध्ये विसरू नका, आठवड्याने जो वास येतो त्याला आईंकडे पण उपाय नाही.