ग्रब की स्कर्टवाला जिग? गळ टाकायच्या आधी या चुका टाळा

ग्रब आणि जिग ही माशाला भुलवायची दोन नकली आमिषं. ग्रब मऊ प्लास्टिकचा, आणि जिग म्हणजे जड मुंडीचा गळ, त्याला रबरी झालर, तोच स्कर्ट. पहिली चूक बॅग भरतानाच होते. रात्री आपण बास माशाचे व्हिडिओ बघतो, अमेरिकेतला कोणीतरी बुडालेल्या झुडपातून स्कर्टवाल्या जिगवर चांगला तीन किलोचा बास काढतो, आणि सकाळी आपण तोच जिग घेऊन गंगापूर धरणाच्या काठावर उभे. अहो पण बास उत्तर अमेरिकेचा मासा, आणि तो जिग तिथल्या क्रेफिशची (गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला झिंग्यासारखा प्राणी) नक्कल म्हणून चालतो. आपल्याकडे क्रेफिश नाहीच, आपल्याकडे खेकडे, झिंगे, चिलापीची पिल्लं आणि त्यांच्यावर टपलेली मरळ. म्हणून जिग बाद असं अजिबात नाही, दगडातून खेकडा सरकतो तसा सरकवला तर इथेही चालतो. फक्त निवड व्हिडिओ बघून करू नका, तळ बघून करा. बासवाले तिकडे हेच करतात, मोकळ्या दगडी उतारावर ग्रब आणि झाडोऱ्यात जिग.

(आणि बासची पिल्लं आणून इथं सोडायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर कृपा करून नको. जपानने १९२५ साली तो आणला, पुढे देशी माशांचं इतकं नुकसान झालं की २००५ पासून तिथे तो पाळायला आणि सोडायला कायद्याने बंदी आहे.)

आता तळ कळणार कसा? एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं तेव्हा रॉड न घेता एक चक्कर मारा. शेताचे जुने बांध, बाभळीची खोडं, दगडांचे ढीग सगळं उघडं पडलेलं असतं, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, काठावरचं एखादं झाड खूण म्हणून फोटोत येऊ द्या. ऑक्टोबरमध्ये धरण भरलेलं असताना हे फोटो सोन्यासारखे उपयोगी पडतात.

ग्रब म्हणजे वळलेल्या शेपटीचं मऊ प्लास्टिक, ३-४ ग्रॅमच्या शिशाच्या मुंडीवर ओवलेलं, गळाचं टोक उघडं. त्यामुळे तो पाणवेलीत टाकणं ही दुसरी मोठी चूक, दर कास्टला गवताचा पेंढा घेऊन येतो आणि आपण म्हणतो मासाच नाही. जिगच्या गळासमोर ताठ केसांचा झुपका असतो, फांद्या-गवत बाजूला सारायला. पण तो झुपका पाकिटातून काढल्याकाढल्या फार कडक असतो, तसाच वापरला तर मासा तोंडात घेतो आणि गळ रुततच नाही. बोटाने दाबून बघा, सहज वाकला पाहिजे. नसेल वाकत तर थोडे केस मुळातून कापा आणि उरलेले पंख्यासारखे दोन बाजूंना फाकवा.

माझा सगळ्यात महाग पडलेला धडा रॉडचा. दारणाच्या बॅकवॉटरला १४ ग्रॅमचा जिग मी चिलापीच्या हलक्या रॉडवर लावला होता, ठप्प करून हाताला लागलं, मी झटका मारला, रॉड नुसताच वाकला आणि दोन सेकंदात दोरा सैल. मरळच होती, पाण्यावर वळलेली तिची पाठ दिसली मला. जिगचा गळ जाड असतो, तो रुतवायला ताठ रॉड आणि जाड दोरा लागतो. तुमच्याकडे एकच हलका रॉड असेल तर ग्रबच घ्या, उगीच जिगवर पैसे घालू नका.

ग्रब फिरतोय, दोऱ्याला पीळ पडतोय अशी तक्रार येते तेव्हा दहातले नऊ वेळा तो वाकडा ओवलेला असतो. ओवण्याआधी गळ ग्रबच्या शेजारी धरा, टोक कुठे बाहेर यायला पाहिजे तिथे नखाने खूण करा, मग नाकातून अगदी मध्यातून सरळ घालत जा आणि खुणेवरच काढा. अंगाला एक जरी सुरकुती पडली तरी काढून परत ओवा.

वेगाचं म्हणाल तर ग्रब सावकाश, एकसारखा, शेपूट फडफडेल इतपतच. जिग मात्र ओढायचाच नाही, तळाला टेकवायचा, थोडा सरकवायचा, थांबायचं. बरेचदा मासा तो खाली जातानाच घेतो आणि हाताला काही कळतच नाही, म्हणून डोळे दोऱ्यावर ठेवा, दोरा बाजूला सरकला किंवा मध्येच सैल पडला की झटका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे सगळं अजून हळू करा. पावसाळ्यात गढूळ पाण्याला गडद रंग, काळा नाहीतर काळा-निळा.

पावसाळ्यात अजून एक, पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा एकत्र बुडबुडताना दिसला तर तिथे ग्रब नको आणि जिगही नको. खाली मरळ राखण करतेय, ती उचलली की सगळी पिल्लं गेली. आणि नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे, तिकडे रॉड न्यायचाच नाही. बाकी धरणांवर ज्या मच्छीमार सोसायटीकडे मासेमारीचा ठेका असेल त्यांना आधी विचारा.

घरी आल्यावर ग्रब गाडीत उन्हात ठेवू नका, शेपट्या चिकटून सपाट होतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे एका डब्यात कोंबू नका, काही प्लास्टिक एकमेकांना लागून अक्षरशः वितळतात. शेपूट वाकडी झालीच असेल तर चहाइतक्या गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, सरळ झाली की लगेच गार पाण्यात टाका आणि पाकिटात न दुमडता ठेवा.