समोरच्याच्या मनातलं ओळखायला मुलांना कसं शिकवावं

वर्गात ‘जोड्या करा’ असं म्हटलं, की जरा कडेला थांबून बघा. खुर्च्या सरकतात, हाकाहाकी होते, आणि एखादं मूल नेमकं त्याच वेळी दप्तरात डोकं खुपसून काहीतरी शोधू लागतं. आपल्याला कुणी बोलावलं नाही, हे लपवायचा तो प्रयत्न असू शकतो. किंवा त्याची पेन्सिल खरंच हरवलेली असू शकते. यातलं नेमकं काय, हे लांबून कळत नाही. मी पाचवीला शिकवते आणि सामाजिक जाणीव शिकवताना माझा सगळा भर याच गोष्टीवर असतो: आधी बघायचं, मग विचारायचं.

अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या ‘कॅसेल’ या संस्थेने सामाजिक-भावनिक शिक्षणाची (म्हणजे आपल्या भावना सांभाळायला आणि इतरांशी नीट वागायला शिकण्याची) जी पाच अंगं मांडली, त्यांत सामाजिक जाणीव हे एक आहे. सहवेदना, दुसऱ्याच्या बाजूने विचार करणं, आपल्याहून वेगळ्या माणसांचा आदर, कुठे कसं वागतात याचं भान, असं बरंच काही त्यात येतं. सवयीने येणारं आहे सगळं, म्हणून सराव हवा.

पहिला सराव बघण्याचा. एखाद्या प्रसंगाची चित्रफीत आवाज बंद करून दाखवा आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगा. डावीकडे ‘मला काय दिसलं’, उजवीकडे ‘मला काय वाटलं’. मुलं हमखास डावीकडे ‘ती चिडली’ असं लिहितात. तिथे थांबवा. दिसलं काय? तिने वही जोरात मिटली, मान फिरवली, ओठ घट्ट मिटले. चिडली, हे उजवीकडे. मग उजवीकडे आणखी दोन कारणं लिहायला लावा: दमली असेल, रडू आवरत असेल. इथे घाई करू नका. बऱ्याच मोठ्या माणसांनाही या दोन रकान्यांतला फरक सांगता येत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. ‘तू तिच्या जागी असतास तर?’ एवढं विचारून धडा संपतो. पण इयाल, स्टेफेल आणि एप्ली या संशोधकांनी २०१८ साली २५ प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याच्या मनाचा अंदाज अधिक अचूक होतो, असं त्यांना आढळलं नाही. त्याच्याशी बोलल्यावर मात्र अंदाज सुधारला. म्हणून विचारायला शिकवा, अगदी वाक्यासकट: ‘तू वही मिटलीस ते मी पाहिलं. बोलायचंय, की जरा एकटं बसायचंय?’ ‘एवढं चिडायला काय झालं?’ हा प्रश्न नको, कारण त्यात उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं. आणि ‘नाही बोलायचं’ हे उत्तर ऐकून गप्प राहण्याचाही सराव घ्या. मुलांना तोच सगळ्यात अवघड जातो.

गटाचं भान यायला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांची ‘जिगसॉ’ पद्धत मला फार आवडते. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या शाळांमध्ये ती सुरू झाली. धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक द्यायचा. प्रत्येकाने आपला तुकडा इतरांना समजावून सांगायचा. अडखळत बोलणाऱ्याचं म्हणणंही मग लक्ष देऊन ऐकावंच लागतं, कारण तो तुकडा दुसऱ्या कुणाकडे नसतो.

वयाचा विचार ठेवा. समोरच्याची समजूत आपल्यापेक्षा वेगळी, अगदी चुकीचीही असू शकते, हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागतं. तीन वर्षांच्या मुलाला ‘त्याला काय वाटलं असेल?’ म्हणून खडसावण्यात अर्थ नाही. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ असा आग्रहही कधी धरू नका. नजर भिडवणं काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, खूप त्रासाचं होतं. नजर खाली असतानाही ती नीट ऐकत असतात.