सैन्यदलातली डिसॲबिलिटी पेन्शन नाकारली? पहिल्या अपिलाआधीची तयारी

नकाराचं पत्र ज्या पाकिटातून आलं, ते पाकीट फेकू नका. पहिल्या अपिलाला सहा महिन्यांची मुदत असते. पत्र उशिरा पोचलं असेल तर त्यावरचा पोस्टाचा शिक्काच पुरावा.

मग नकाराचं कारण वाचा. अपंगत्व 20 टक्क्यांहून कमी धरलंय, की टक्के पुरेसे असून ‘सेवेमुळे झालं नाही, वाढलंही नाही’ असा शेरा आहे? पहिल्यात वैद्यकीय मूल्यमापनालाच आव्हान द्यावं लागतं, दुसऱ्यात सेवेशी संबंध दाखवावा लागतो. दुसऱ्या कुणाचं अपील उतरवून पाठवलं की इथेच घोळ होतो.

रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे सेवा सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीच्या, अहवालाची पूर्ण प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून (सेवेची कागदपत्रं ठेवणारं कार्यालय) मागवा. न दिल्यास माहिती अधिकारात, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. त्याच अर्जात भरतीवेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागदही मागा. आजाराच्या प्रकरणात त्याचं मोल सर्वांत जास्त. त्यावर आजाराची नोंद नसेल, तर धरमवीर सिंग प्रकरणातल्या 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार संशयाचा फायदा जवानाला मिळतो. 21 सप्टेंबर 2023 पासून या पेन्शनच्या पात्रतेचे नवे नियम लागू आहेत. त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी नुसत्या या निकालावर विसंबू नये.

पोस्टिंगची यादी तारखांसह करा. ‘आजार पीस स्टेशनवर (शांत भागातल्या पोस्टिंगवर) सुरू झाला’ हे नकाराचं नेहमीचं वाक्य आहे. त्याला उत्तर म्हणजे त्याआधी फील्डमध्ये, उंचावर काढलेले महिने, मोजून. इजा असेल तर इंजुरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (सैन्याच्या अंतर्गत चौकशीचा) निष्कर्ष जोडा. सुट्टीतल्या अपघाताचा कामाशी संबंध दाखवावाच लागतो.

पेन्शन मंजूर झालेल्यांनीही टक्के तपासावेत. 20 ते 49 टक्के अपंगत्व 50 धरलं जातं. राम अवतार प्रकरणातल्या 2014 च्या निकालाने हा लाभ मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, या हिशोबाने 40,000 वेतनावर 40 टक्क्यांचे 4,800 होतात, 50 धरले की 6,000. महागाई सवलत वेगळी.

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार यांवरचं नाव अक्षरशः एकच हवं. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मागा. अपील स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. तेही फेटाळलं तर दुसऱ्या अपिलाला पुन्हा सहा महिने. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ त्यानंतर.