पग घ्यायचाय? आधी त्याच्या आईचा श्वास ऐका

आमचा पग गोट्या सहा-सात महिन्यांचा झाला तेव्हा त्याला एक सवय लागली, झोपताना हनुवटी दिवाणाच्या खालच्या पट्टीवर टेकवायची, मान वर, डोळे मिटलेले, कधीकधी रबरी बॉल तोंडात तसाच धरलेला. आम्ही सगळ्यांनी त्याचे फोटो काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले, मामी म्हणाली बघा कसा राजासारखा झोपतो. दीड वर्षाचा असताना मे महिन्यात मुलुंडला भर रस्त्यात कोसळला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की मान खाली गेली की त्याचा घसा बंद होतो म्हणून तो ती वर धरून झोपतो, आणि बॉल असला की तोंड उघडं राहतं. ते फोटो अजून आहेत माझ्याकडे, बघवत नाहीत.

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, शित्झू, ही सगळी चपट्या तोंडाची मंडळी. माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून निवडून यांच्या तोंडाचं हाड आखूड केलं पण आतलं मांस त्या मानाने कमी झालंच नाही, मग टाळूचा मागचा मऊ भाग घशात लोंबतो, नाकपुड्या मिटल्यासारख्या होतात, श्वासनळीही बारीक असू शकते. डॉक्टर याला बोअस म्हणतात. त्यात कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकूनच गार होतं, आणि मुंबईच्या दमट हवेत ओलावा पटकन उडत नाही, म्हणजे चांगल्या नाकाच्या कुत्र्यालाही इथे जास्त धापा टाकाव्या लागतात, यांचं काय होत असेल बघा.

आता घेताना काय करायचं. दोन महिन्यांच्या पिल्लाचा श्वास ऐकून फारसं कळत नाही, त्रास बऱ्याचदा वर्षभरानंतर बाहेर येतो, म्हणून आई बघायची, जमलं तर बापसुद्धा. आई गावाला आहे, व्हिडिओ पाठवतो, पिल्लू स्टेशनबाहेर आणून देतो, असं कोणी म्हणालं की तिथेच थांबा. आम्हाला असंच सांगितलं होतं आणि आम्ही घेतलं.

आई समोर आली की तिला लगेच हात लावू नका, ती शांत बसलेली असताना नुसतं ऐका. तोंड मिटून, आवाज न करता श्वास घेता यायला हवा. घरघर, खरखर, डुकरासारखा आवाज येत असेल तर "पग आहे, असंच असतं" हे उत्तर अजिबात घेऊ नका, तो आजाराचा आवाज आहे. मग नाकपुड्या जवळून बघा, चांगली नाकपुडी स्वल्पविरामासारखी उघडी दिसते, वाईट असेल तर नुसती उभी चीर दिसते आणि श्वास घेताना तीही आत ओढली जाते. सकाळी गारव्यात तिला तीन मिनिटं दुडक्या चालीने फिरवायला सांगा आणि परत ऐका, डॉक्टरही साधारण असंच तपासतात, फक्त ते गळ्याला स्टेथोस्कोप लावतात. आधीच धाप लागलेली असेल तर मात्र तिला पळवू नका, तुम्हाला उत्तर मिळालेलं आहे. नाकावरच्या घडीत बोट घालून वास घ्या, ओलसर कुबट वास म्हणजे तिथे इन्फेक्शन आहे. आणि नाकाड जेवढं लांब तेवढं बरं, नेदरलँड्समध्ये २०१९ पासून ते कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा आखूड असेल तर ब्रीडिंगच करू देत नाहीत.

केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, वंशावळीचे पेपर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातून आजा-पणजा कोण ते कळतं, त्यांना नीट श्वास घेता येत होता का ते कळत नाही. पण पेपर वाचा जरूर, एकच नाव आईकडूनही आणि बापाकडूनही दिसलं तर जवळच्या नात्यात मेटिंग झालंय, असं पिल्लू घेऊ नका. कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे आणि विक्रीचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियमही माहीत असू द्या, ब्रीडरचं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे रजिस्ट्रेशन लागतं, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय वापरायची नाही, वर्षाला एकच वेत आणि आयुष्यात पाचच. रजिस्ट्रेशन नंबर सरळ तोंडावर मागा, लाजायचं काय त्यात.

दुसऱ्या जातींचं थोडक्यात सांगते. लॅब आणि जर्मन शेफर्ड असेल तर आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे मागा. डॅशहंडच्या पाठीच्या मणक्यांना धोका असतो, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहत असाल तर घेऊच नका. डॅल्मेशियनमध्ये बहिरेपणा जास्त आणि एकाच कानाचा असला तर टाळी वाजवून कळत नाही.

आणि ज्यांच्या घरी पग आहेच त्यांच्यासाठी. गळपट्टा काढून टाका, छातीचा हार्नेस घाला. वजन वाढू देऊ नका, हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, पार्ले-जी बंद. मार्चपासून फिरवणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. जीभ निळी-जांभळी पडली, पाय लटपटले, तर आधी अंगावर नळाचं साधं पाणी ओता, पोट, जांघा, पंजे, आणि पंखा लावा, मग रिक्षा शोधा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो अंगातली उष्णता कोंडतो, आणि बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका. जवळ डॉक्टर माहीत नसेल तर आत्ताच शोधून नंबर सेव्ह करा, परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे पण मुलुंडहून दुपारच्या ट्रॅफिकमध्ये तिथे पोचेपर्यंत उशीर होतो.

ऑपरेशनने फरक पडतो, नाकपुड्या मोठ्या करतात आणि टाळूचा लोंबणारा भाग कापतात. गोट्याचं केलं, भुलीची खूप भीती वाटली होती. आता तो जमिनीवर आडवा झोपतो, मान खाली टाकून.

मागच्या महिन्यात सी विंगमधल्या काकू विचारत होत्या, आमच्या पगीला क्रॉसिंगसाठी तुमचा गोट्या द्याल का. मी त्यांना घरात बोलावलं, त्याचे जुने फोटो दाखवले. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, अगं आमची पण उशीवर हनुवटी टेकवून अशीच झोपते. रविवारी दोघी मिळून तिला डॉक्टरांकडे नेणार आहोत.