गोल्फकडे परतताना या चुका टाळा

पावसाळा सरून हवेत जरा गारवा आला की रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जुनी मंडळी परत दिसू लागतात. लग्न, मुलं, बदल्या, घराचा हप्ता यांत आठ-दहा वर्षं निघून गेलेली असतात आणि हात शिवशिवत असतात. त्यांना पाहून मला मनापासून आनंद होतो. पण त्यांतले बरेचसे होळीपर्यंत पुन्हा दिसेनासे होतात. 'परवडत नाही' आणि 'वेळ मिळत नाही' ही दोन कारणं ठरलेली. परवडत नाही हे खरंच आहे, वेळही कमीच असतो. म्हणून तर जो थोडा पैसा आणि वेळ हाताशी आहे, तो भलतीकडे गेलेला पाहून जीव तुटतो.

सगळ्यात आधी नवा ड्रायव्हर घेणे

ऑफिसातल्या माझ्या एका मित्राचा क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, जुना सेट माळ्यावर पडून होता. दिवाळीचा बोनस हातात आला आणि त्याने तो जवळजवळ सगळा एका नव्या ड्रायव्हरवर, म्हणजे सर्वात लांब मारायच्या क्लबवर, घातला. आम्ही खारघरच्या सिडकोच्या कोर्सवर गेलो. पहिल्याच टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, बॉल उजवीकडे वळत झाडीत गेला. दुसरा मारला, तोही त्याच वाटेने गेला. चार होल होईपर्यंत खिशातले बॉल संपत आले आणि चेहरा उतरला. शेवटी बॅग उचलणारा कॅडीच म्हणाला, "साहेब, हे ठेवा आता बॅगेत. सात नंबर घ्या."

सात नंबर, म्हणजे मधल्या अंतराचा आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब), जुन्या सेटमधला. मी तो हातात घेऊन पाहिला, तर ग्रिप काचेसारखी गुळगुळीत झालेली. इतकी वर्षं माळ्यावरच्या उन्हाळ्यात राहून रबर कडक झालं होतं. क्लब निसटू नये म्हणून मित्र मुठी आवळत होता. मुठी आवळल्या की मनगटं आखडतात, क्लबचं तोंड वेळेत बंद होत नाही आणि बॉल उजवीकडे जातो. तीच आवळलेली मूठ नव्या ड्रायव्हरवरही आली होती. पुढच्या आठवड्यात त्याने जुन्या सेटला नव्या ग्रिप बसवल्या, हलक्या हाताने धरायला सुरुवात केली आणि बॉल हळूहळू सरळ जाऊ लागला. ड्रायव्हरच्या पैशांत त्याचे कामाच्या दिवसांचे कितीतरी राउंड झाले असते, ही गोष्ट मला आजही खटकते.

ड्रायव्हरच्या डोक्याला 460 सीसीची मर्यादा 2004 पासून आहे. क्लबच्या तोंडाच्या उसळीवरही नियमांचं बंधन आहे. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचा चांगला ड्रायव्हर आजही उत्तम चालतो. नवे आयर्न पाहूनही भुलू नका. जुन्या सात नंबरचं लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरकेपणा, साधारण 34-35 अंश असायचं, आजच्या कित्येक सेटमध्ये ते 30 किंवा त्याहून कमी असतं. शेजाऱ्याचा सात नंबर लांब जातो, यात त्या कमी लॉफ्टचा वाटा मोठा असतो.

माझी सवय सांगतो. ग्रिप कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासायच्या, सावलीत वाळवायच्या. तरीही चकाकी गेली नाही तर बदलायच्या. बॅगेत अर्धाच सेट ठेवतो: पाच नंबरचा वुड (लांब मारायचा), सात, नऊ, सँड वेज (वाळूतून आणि जवळून मारायचा), पटर (बॉल भोकात ढकलायचा). नियमाने 14 क्लब नेता येतात, नेलेच पाहिजेत असं नाही.

बकेटमागून बकेट संपवणे

ही चूक पाहून मला सगळ्यात जास्त त्रास होतो. माणूस शनिवारी रेंजवर येतो, सरावाच्या बॉलची मोठी बकेट घेतो, ड्रायव्हर काढतो आणि एकामागून एक हाणत सुटतो. आधीचा बॉल पडायच्या आत पुढचा टीवर. सोमवारी कंबर धरलेली, कोपराची आतली बाजू दुखते आणि पुढचे तीन आठवडे खेळ बंद. दहा वर्षं खुर्चीवर बसलेल्या पाठीला पहिल्या दिवशी शंभर पूर्ण स्विंग झेपत नाहीत. धीर नसेल तर या खेळात पैसे ओतूनही काही हाती लागत नाही.

त्यात रेंजवरची मॅट फसवी असते. क्लब बॉलच्या मागे आपटला तरी मॅटवरून घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. तोच फटका गवतावर माती उकरतो. म्हणून बॉलच्या वीतभर मागे लहान टॉवेलची घडी ठेवा. टॉवेल हलला की चूक कळली. मी छोटी बकेट घेतो, सुरुवात वेजच्या अर्ध्या स्विंगने करतो, प्रत्येक बॉलआधी मागे जाऊन लक्ष्य ठरवतो. ड्रायव्हर शेवटच्या चार-पाच बॉलना, तोही अंग मोकळं झालं असेल तरच.

उरलेला वेळ पटिंग ग्रीनवर, म्हणजे बॉल भोकात ढकलायच्या आखूड गवतावर. पार 72 च्या, म्हणजे 18 होलना 72 फटके अपेक्षित असलेल्या, कोर्सचा हिशेब प्रत्येक ग्रीनवर पटरचे दोन फटके धरून केलेला असतो, म्हणजे निम्मे, 36 फटके पटरचे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. ड्राइव्हच्या अंतरात ती अगदी मागच्या खेळाडूंत होती, पटिंगने तिला तिथवर नेलं. पटिंगला घरची सतरंजी आणि एक नाणं पुरतं. मुलं झोपल्यावर रोज दहा मिनिटं करा, बाकी सगळ्या खर्चाआधी हे करा.

बाकीच्या, थोडक्यात

जुने बूट घालून थेट कोर्सवर जाऊ नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेले पॉलियुरेथेनचे सोल दमट हवेने भुगा होतात आणि तिसऱ्या होलवर गळून पडतात. आदल्या दिवशी घरात घालून चाला. महागडे बॉल इतक्यात नकोत. हरवलेला बॉल शोधायला 2019 पासून पाच नाही, तीन मिनिटं मिळतात. तेव्हा शंका आली की आधीच प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता दुसरा बॉल, मारून ठेवा. ग्रीनच्या जवळच्या, पुढच्या टीवरून खेळायला लाजू नका. कॅडीचं ऐका, त्याने तो कोर्स तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा चालून काढलेला असतो.

रविवार सकाळच्या 18 होलचा हट्ट मात्र सोडा. ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायचा आकार, तेव्हा सर्वात जास्त असते, गर्दी असते आणि जाण्यायेण्यासकट अर्धा दिवस जातो. मग घरचे नाराज होतात, आणि ते बरोबरच आहे. कामाच्या दिवशी सकाळी लवकर नऊ होल साधारण दोन तासांत होतात. नऊ होलचा वेगळा दर आहे का, हे कोर्सवर फोन करून विचारा, बोर्डावर नसला तरी विचारा. 'नऊ होल म्हणजे खरा गोल्फ नाही' असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. 2020 पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा, मिळवायला एकूण 54 होलची स्कोअरची कार्डं लागतात आणि ती नऊ-नऊ होलची असली तरी चालतात. म्हणजे नऊ होलच्या सहा फेऱ्या पुरतात. प्रत्येक वेळी मार्करची, म्हणजे तुमचे फटके नोंदवणाऱ्या जोडीदाराची, सही घ्या आणि कार्ड त्याच दिवशी जमा करून घरी या.